झुरिकहून लुगानो: कोणती गाडी पकडाल?

कोथरूडहून निघणाऱ्यांनो, आधी ठरवा: वेळ वाचवायचाय की घाट बघायचाय? स्विस रेल्वेची नवी जलद गाडी ‘जिरूनो’ २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गॉटहार्ड बोगद्यातून जाते. गुडघे दुखत असतील तर हीच घ्या. तिच्यात ५५ आणि ७६ सेंटीमीटर अशा दोन्ही उंचीच्या फलाटांसाठी दरवाजे आहेत, त्यामुळे चढणं-उतरणं सोपं. पण डेक्कन क्वीनमध्ये खंडाळा आला की ज्यांना खिडकी सोडवत नाही, त्यांनी तांबूस रंगाची ‘ट्रेनो गोत्तार्दो’च धरावी. ती १८८२ च्या जुन्या मार्गाने चढते. वळणाच्या बोगद्यांमुळे वासेन गावचं चर्च तीनदा दिसतं, दर वेळी वेगळ्या उंचीवरून. अहाहा! आरक्षणाची सक्ती नाही. लुगानोसाठी बेलिंझोनाला गाडी बदला. दशम्या-चटणी मात्र एर्स्टफेल्डच्या आधीच आटपा, खरा चढ तिथूनच लागतो.