राजाची किट-तपासणी

गंगापूर रोडवरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं भिंतभर छापील चित्र लावलंय. भाचीच्या साखरपुड्याला गेलो आणि त्याच्यापुढेच अडकलो. तलवार उजव्या कमरेला! देवळालीच्या तोफखान्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे खुपणारच. छापणाऱ्याने चित्र आरशात दिसतं तसं उलटवलं होतं. मूळ चित्र हयासिंथ रिगोचं, १७०१ सालचं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात तलवार डाव्या कमरेला, राजदंड उजव्या हातात.

असली चित्रं बघायची तर चेहरा शेवटी बघा. आमचे सुभेदारसाहेब तपासणीला बुटांपासून सुरुवात करायचे, तसंच करा. या चित्रात लाल टाचांचे बूट, रेशमी मोजे आणि अभिषेकाचा झगा, म्हणजे रणांगणाचं काही नाही. फक्त तलवार आहे. ती ‘ज्वायूझ’, जुना सम्राट शार्लमेन याची मानली गेलेली, फ्रेंच राजांच्या अभिषेकातली. आता राजदंड बघा. तो उलटा धरून टोक उशीवर टेकवलंय, छावणीत सेनापती काठी टेकवून उभा राहतो तसं.

चिलखतातल्या चित्रांत याच जागी आखूड दंडुका येतो. तो दिसला की समजा, हुकूम याचा चालतो. फ्रेंच मार्शलचा, म्हणजे सर्वांत वरच्या सेनापतीचा, दंडुका निळ्या मखमलीचा, वर सोनेरी लिलीची फुलं.

चिलखताला मात्र भुलू नका. बंदुकीच्या गोळ्यांपुढे अंगभर पोलाद तोवर निकामी ठरलं होतं. तरी मोरीस कॅंतँ द ला तूरने १७४८ साली पंधराव्या लुईला पेस्टलमध्ये, म्हणजे रंगीत खडूंनी, रंगवलं ते चिलखतातच. त्याआधी तीन वर्षं, ११ मे १७४५ ला, फ्रेंच आणि इंग्रज व त्यांच्या दोस्तांत फोंतन्वाची लढाई झाली. राजा मैदानावर हजर होता, पण लढाई चालवली त्याचा सेनापती मोरीस द साक्स याने. जलोदराने इतका बेजार, की त्याला वेताच्या हलक्या गाडीत घालून फिरवत होते. जिंकला तो. पण राजाच्या चित्रात चिलखतच चमकणार, वेताची गाडी कशाला येईल!

मग फिती. रुंद निळी फीत उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरते. चित्र उलटलंय का, हे तिच्यावरूनही कळतं. ती ‘पवित्र आत्म्या’च्या पंथाची, म्हणजे राजाने निवडलेल्या मानकऱ्यांच्या संघाची; तो फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीने १५७८ मध्ये काढला. ती छातीवर आहे म्हणून माणूस शूर समजू नका, ती मुख्यतः घराण्याची आणि मर्जीची खूण. सैन्यातल्या चाकरीची फीत लाल: ‘सेंट लुई’, १६९३. गळ्याशी सोन्याचा मेंढा लटकत असेल तर तो ‘गोल्डन फ्लीस’, मुळात बरगंडीच्या ड्यूकांचा मान.

आता मागचं क्षितिज. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात रिगोनेच १७०१ मध्ये रंगवलेला चिलखतातला चौदावा लुई आहे. साठी ओलांडलेला, आणि लढाई लांब मागे. त्या धुराकडे पाठ करून कुणी असा ऐटीत उभा राहिला असता तर आमच्या सुभेदारसाहेबांनी त्याचं काय केलं असतं, ते इथे लिहिता येत नाही.

हॉलच्या मॅनेजरला उलटी तलवार दाखवली. म्हणाला, “काका, इथे सगळे सेल्फी काढतात. सेल्फीत उलटंच दिसतं ना?”

मी मोबाइल काढून बघितलं. स्क्रीनवर तलवार बरोबर डाव्या कमरेला आली होती.