आधी डोळा कुठे आहे ते ठरवा

रस्ता काढा म्हटलं की माझ्या चित्रकलेच्या क्लासला नवीन आलेले पोट्टे कागदाच्या मधोमध एक टिंब काढतात. त्यातून फाकलेल्या चार रेषा, दोन्हीकडे झाडं, झाला रस्ता. व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू, त्यांना कुणीतरी शिकवलेला असतो. पण तो तिथेच काहून, असं विचारलं की सगळे गप्प. मग मी टिंब खोडायला लावतो आणि विचारतो, ‘तू उभा आहेस का बसला आहेस?’

कागदावर खोली, म्हणजे जवळ-दूरचा भास, दिसणं न दिसणं या उत्तरावर ठरतं. पहिली रेषा आडवी मारायची, आपल्या डोळ्यांच्या उंचीची. तिला आम्ही आय लेव्हल म्हणतो. सपाट मोकळ्या रानात क्षितिज याच उंचीवर दिसतं. नागपुरात मधे इमारती येतात, म्हणून पाण्याची पारदर्शक बाटली अर्धी भरून डोळ्यांसमोर सरळ धरा आणि हळूहळू वर-खाली करा. पाण्याचा पृष्ठभाग दिसेनासा होऊन नुसती रेघ उरली, की ती तुमची पातळी. समोरच्या इमारतीवर ती रेघ कशावरून जाते ते बघून ठेवा. दुकानाची पाटी असेल, शटरचं कुलूप असेल. कागदावरची आडवी रेषा तिथूनच गेली पाहिजे.

आता बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या, मेन रोडवर संध्याकाळी उभे राहा. गर्दीत तुमच्याएवढ्या उंचीचे जेवढे लोक आहेत, त्या सगळ्यांचे डोळे तुमच्या आय लेव्हलवर येतात. जवळचा माणूस असो की टोकाला दिसणारा, डोकी एका ओळीत. पाय मात्र लांब जाल तसे वर सरकत जातात. लहान मूल रेषेच्या खाली राहील, उंच माणसाचं कपाळ थोडं वर जाईल. आता फुटपाथच्या कडेला बसा. रेषा लोकांच्या कमरेजवळ उतरते, आणि जवळ असो वा दूर, ती प्रत्येकाला कमरेजवळच कापते. मुंजे चौकातल्या मेट्रो स्टेशनवर चढून खाली बघाल तर सगळी माणसं रेषेच्या खाली. गर्दी काढताना बहुतेक जण दूरची माणसं नुसती लहान करतात आणि कुठेही ठेवतात, मग ती हवेत तरंगतात नाहीतर खड्ड्यात उभी दिसतात.

व्हॅनिशिंग पॉइंटला आता हात घालू. जमिनीला समांतर आणि आपसातही समांतर असलेल्या रेषा आय लेव्हलवरच्या एकाच बिंदूकडे जातात. सरावाला वर्धा रोडसारखी जागा नाही. छत्रपती चौकाजवळ फुटपाथवर, वाहतुकीपासून बाजूला उभे राहा. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि हे सगळं एकेका खांबाच्या रांगेवर. हा 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल आमच्या विषयासाठीच बांधला की काय, असं मला नेहमी वाटतं. तुमच्या डोळ्यांच्या वरचं सगळं दूर जाताना खाली उतरतं, खालचं सगळं वर चढतं. उड्डाणपुलाची कड उतरते, मेट्रोची कड त्याहून तिरपी उतरते, रस्त्याचा दुभाजक चढतो, आणि सगळे एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. उतार डोळ्यांनी जोखता येत नसेल तर पेन्सिल हात लांब करून त्या कडेवर धरा आणि तोच कोन जपून कागदावर आणा.

खांब काढताना गंमत होते. रेषा बरोबर, पण खांबांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवलं की खोली गेलीच. पहिला खांब उभा काढा. त्याचा माथा, मध्य आणि पाया, तिन्हीतून व्हॅनिशिंग पॉइंटकडे फिक्या रेषा न्या. दुसरा खांब डोळ्यांच्या अंदाजाने ठेवा. आता पहिल्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून एक तिरपी रेषा काढून पायाच्या रेषेपर्यंत वाढवा. ती जिथे टेकेल तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याच्या माथ्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून, तसंच पुढे. अंतर आपोआप आवळत जातं, पट्टीने मोजायची गरज नाही. रेल्वेचे स्लीपर आणि फरशीच्या लाद्याही याच तिरप्या रेषेने निघतात.

चढाचा रस्ता वेगळा वागतो. फुटाळा तलावाकडून सेमिनरी हिल्सकडे चढताना रस्त्याच्या कडा आय लेव्हलच्या वर जाऊन मिळतात, उतरताना खाली. कडेच्या घरांची छतं आणि खिडक्या मात्र आडव्याच असतात, त्यांच्या रेषा आय लेव्हलवरच संपतात. घरांचा आणि रस्त्याचा बिंदू एकच धरला की चढ सपाट होतो.

कोपऱ्यावरची इमारत काढायची तर दोन बिंदू लागतात, आणि दोन्ही कागदावर बसवायचा हट्ट नको. 11 × 15 इंचाच्या कागदात ते कोंबले तर साधी दुमजली इमारतही जहाजाच्या टोकासारखी पुढे येते. कागद मोठ्या टेबलावर चिकटवा, आय लेव्हल दोन्ही बाजूंनी टेबलावर वाढवा, दूर टाचण्या मारा आणि त्यांना दोरा बांधा. दोरा ताणला की कोणतीही रेषा मिळते. उभ्या रेषा उभ्याच राहू द्या. मान वर करून बघितल्यावरच त्या वर जवळ येतात.

वर्तुळाचं थोडक्यात सांगतो. गच्चीवरची काळी टाकी खालून बघा, तिची कड मधे वर उचललेली दिसते. पिंप वरून बघा, जवळची कड मधे खाली झुकते. आय लेव्हलवर आलं की वर्तुळाची सरळ रेघ होते. दीक्षाभूमीचा घुमट समोरून काढायचा तर त्याच्या बुडाचा पट्टा आधी बघा. तो सपाट मारला की घुमट कापलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो.

बघताना एक डोळा मिटायचा आणि डोकं हलवायचं नाही. फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकात वास्तुकार ब्रुनेलेस्कीने हीच अट घातली होती. चित्रफळीला भोक पाडून बघणाऱ्याला मागून एका डोळ्याने आरशातलं प्रतिबिंब बघायला लावलं. पुढे 1435 मध्ये आल्बर्टी या दुसऱ्या वास्तुकाराने हे नियम लिहून काढले. घरी करायचं तर खिडकीच्या काचेवर ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) चिकटवा, हनुवटी टेकवा, एक डोळा मिटा आणि समोरची गल्ली मार्करने गिरवा. ग्रिल असेल तर उत्तमच, आयते चौकोन मिळतात. मोबाइलच्या फोटोवरून काढणाऱ्यांनी वाइड लेन्स टाळावी. ती जवळचं फुगवते आणि दूरचं उगाच लांब ढकलते. दोन पट झूम करून मागे सरका.

उरला रंग. दूरच्या वस्तूंचा गडदपणा कमी होतो, निळसरपणा वाढतो, कडा विरतात. पेन्सिलीत हे सोपं आहे: पुढे मऊ गडद 4बी, मधे एचबी, मागे कडक फिकी 2एच. पण हे डोळे मिटून लावू नका बाप्पा. डिसेंबरच्या सकाळी फुटाळ्यावर धुकं असतं तेव्हा पलीकडच्या काठाची झाडं एका फिक्या राखाडी पट्टीत मिसळतात. ऑगस्टमध्ये पाऊस थांबून हवा धुतली गेली की तीच झाडं पान न् पान दिसतात. त्या दिवशी 2एच बाजूला ठेवा आणि खोली नुसत्या आकाराने आणि एकाआड एक ठेवून आणा. मे महिन्याच्या दुपारी तर सगळंच फिकं. तेव्हा जवळची सावली गच्च काळी करा, बाकीचा कागद जवळजवळ कोरा सोडला तरी चालतो.