श्वास मोजताना, ओआरएस कालवताना: या चुका टाळा

गटप्रवर्तक म्हणून शाहूवाडीच्या वाड्यावस्त्या फिरताना मी आशाताईंच्या नोंदवह्या तपासते, आणि बाळाचा श्वास कोणी खरोखर मोजला व कोणी उरकला, हे वही उघडताच समजते. ज्या वहीत प्रत्येक बाळाचा श्वास 36, 40, 44 किंवा 48 असतो, त्या वहीच्या ताईने पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेले असते. तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. ते चार श्वास भरभर घेते, जरा थांबते आणि पुन्हा सुरू करते. पंधरा सेकंदांत एक श्वास निसटला की मिनिटाला चारांची चूक होते, आणि न्यूमोनियाचा संशय घ्यायचा की नाही हे अनेकदा त्या चारांवरच ठरते. दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील बाळाला 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40 किंवा अधिक श्वास असले, तर तो जलद श्वास समजावा.

एका पावसाळ्यात धनगरवाड्यावरच्या नऊ महिन्यांच्या बाळाला पाहायला मी गेले होते. आदल्या दिवशीच्या नोंदीत श्वास 44 आणि पुढे ‘साधा खोकला’ असा शेरा होता. बाळ आजीच्या मांडीवर, अंगात स्वेटर, डोक्याला टोपडे आणि वरून घोंगडे. आजी म्हणाली, “रातच्यानं पॉट उडतंय बघा बाई, दूध बी वढंना.” थंडीत अंगावरचे काढायला आजी तयार होईना, म्हणून तिला दाराच्या उजेडात बसवले आणि फक्त अंगडे छातीपर्यंत वर करायला लावले. पहिल्यांदा बाळ रडू लागले, तेव्हा मोजणे सोडून दिले आणि ते शांत होईपर्यंत थांबले, कारण रडताना किंवा दूध पिताना मोजलेल्या श्वासाला काही अर्थ नसतो. मी घड्याळ बाळाच्या पोटाशेजारी धरते आणि दहा श्वास झाले की दुसऱ्या हाताचे एक बोट मिटते. त्या दिवशी पाचवे बोट मिटले, तेव्हा मिनिट संपायला आठ-नऊ सेकंद बाकी होते. आकडा 58 आला, आणि श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. दूध ओढत नाही हे एकच लक्षण बाळाला तातडीने हलवायला पुरेसे असते. झोळीत घेऊन त्याला रस्त्यापर्यंत उतरवले आणि 108 बोलावली. बाळ आठवड्याने बरे होऊन घरी आले. आदल्या दिवशीची ताई म्हणाली की तिला आणखी चार घरे करायची होती. मी तिच्यावर रागावले, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटत नाही. मोबाईलवर श्वास मोजण्याची सोय आहे, असे नव्या मुली सांगतात. पण नेमक्या त्या मिनिटात त्याच मोबाईलवर कोणाचा तरी फोन येतो, म्हणून मी काट्याचे घड्याळ सोडलेले नाही.

दुसरी चूक ओआरएसची. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, हे पाठ सर्वांनाच असते. पण घरात लिटरचे माप नसते. मग पुडी पेल्यात ओतली जाते, किंवा “थोडी आत्ता, थोडी संध्याकाळी” अशी वाटली जाते. असे खारट पाणी बाळ थुंकते किंवा ओकते, शोष वाढतो, आणि आई म्हणते की पुडी बाळाला सोसत नाही. मी पहिल्याच भेटीत लिटरच्या बाटलीने घरातल्या पातेल्यात पाणी ओतते आणि पाण्याच्या पातळीला आतून खिळ्याने ओरखडा काढते. सासूबाईंना भांडे खराब झालेले आवडत नाही, पण पुढच्या जुलाबाच्या वेळी तोच ओरखडा कामाला येतो. दुकानातली लहान पुडी बहुधा 200 मिलिलिटरची असते, म्हणून पुडीवरचे आधी वाचावे. कालवलेले पाणी 24 तासांनंतर फेकून द्यावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे.

झिंकची गोळी जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नये. सहा महिन्यांवरील मुलाला रोज 20 मिलिग्रॅमची एक आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, अशी ती 14 दिवस द्यायची असते. मी कालनिर्णयावर चौदा फुल्या मारून देते. जुलाबात जेवण तोडू नये. ‘दात येताहेत, जुलाब व्हायचेच’ हे ऐकून परत फिरू नये.

पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये साधारणतः 100 मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये 125 किंवा 250. थेंबांची बाटली चमच्याने पाजणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. म्हणून बाटली हातात घेऊन, वजन विचारून, मगच मात्रा सांगावी. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचे पातळ औषध देऊ नये. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, किंवा ते गार पडले, तर घरी उपचार करत बसू नये.

बाळाला पुढे पाठवताना मी चिठ्ठीवर वय, वजन, श्वासाचा आकडा, दिलेले औषध आणि वेळ लिहिते. ‘बाळ आजारी आहे’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठ्याही मी पाहिल्या आहेत. ते तर डॉक्टरांना समोर दिसतच असते.