रोपं कोवळी आहेत तोवरच जपा

पावसाळ्यात आमच्या सातारा साइडला वांगी-मिरचीची रोपं लावली की रात्रीत दोन-चार आडवी पडलेलीच असतात, बुडापासून कातरल्यासारखी, आणि लोक उगाच उंदराला शिव्या देतात. आधी बुडाशी माती बोटाने जरा उकरून बघा, काळपट-राखाडी अळी गोल वेटोळं करून बसलेली सापडंल, दिवसा ती मातीतच असती. उचलून साबणाच्या पाण्यात टाकायची. कागदी कपाचा तळ कापून तो रोपाभोवती इंचभर मातीत दाबला की नवीन अळी बुडाला पोचत नाही.

गोगलगायींना संध्याकाळी ओलं पोतं टाकून ठेवा, सकाळी खाली जमतात, मिठाच्या पाण्यात टाकायच्या (मीठ डायरेक्ट वाफ्यात नको, रोपंच जातील). राख टाकतात लोक, पण एक सर आली की गेली वाहून.

मावा, पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला असती, वरून फवारून काय उपयोग? ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, किंचित साबण घाला आणि ऊन उतरल्यावर पानं उलटी करून मारा. मिरचीला पांढरी माशी व्हायरस आणती, म्हणून रोपवाटिकेवर पहिल्या दिवसापासूनच बारीक नायलॉन नेट टाका.