प्रकाशनांच्या यादीत या चुका टाळा: सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधकांसाठी

पहिला घोळ नावाचा. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन शोधसूचीवर, ‘पाटील एस’ टाकून पाहा. वेगवेगळ्या विषयांतले, वेगवेगळ्या गावांचे कितीतरी पाटील एका रांगेत येतात. त्यात एका पेपरवर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आहे, दुसऱ्यावर नाही, आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर एकाच बाईचं काम तीन जणींचं वाटतं. हे मला फार लागतं, कारण यात सर्वाधिक काम हरवतं ते स्त्रियांचं. उपाय सोपा आहे. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख सांगणारा 16 अंकी क्रमांक फुकट मिळतो, आणि नाव बदललं तरी तोच राहतो. जुनी नावंही त्याच खात्यात नोंदवा. पेपर पाठवतानाच क्रमांक द्या. गुगल स्कॉलरवर आपोआप भर पडू देऊ नका, नाहीतर दुसऱ्याचे पेपर तुमच्या नावावर चढतात.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे: ‘या अभ्यासामुळे धोरण बदललं’ असं एका ओळीत लिहून टाकणं. गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतल्या सहकाऱ्यांचा घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा अभ्यास 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रयोगाची गावं होती 39. देशभर आशांमार्फत असा कार्यक्रम केंद्र सरकारने आणला तो 2011 मध्ये. मधली 12 वर्षं रिकामी नव्हती; 2005 मध्ये त्याच कामावर आणखी पेपर आले. म्हणून यादीत दावा नको, माग द्या: शासन निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि त्यात तुमच्या अभ्यासाचा उल्लेख असलेलं पान. उल्लेखच नसेल, तर ‘समितीपुढे निष्कर्ष मांडले’ एवढंच लिहा. तेही खरं काम आहे.

योजना गावात पोचताना कुठे अडली, हे सांगणारे अहवाल बरेच जण यादीतून गाळतात. कृपया गाळू नका. उपकेंद्रात औषध का पोचलं नाही, हे पुढच्या जिल्ह्याला त्यातूनच कळतं. फक्त खाती वेगळी ठेवा: तज्ज्ञांनी तपासलेले पेपर, मूल्यमापन अहवाल, प्रशिक्षण पुस्तिका, मराठी लेख. अहवाल पेपरच्या खात्यात घातला, की वाचणारा बाकीच्या नोंदींवरही शंका घेतो.

लेखकांच्या नावांचं काय? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती चार अटी सांगते: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा नीट तपासून सुधारणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही हव्यात. विभागप्रमुख आहेत म्हणून साहेबांचं नाव घालायचं आणि दोन वर्षं वस्तीवस्तीत फिरलेल्या मुलीला मसुदाही दाखवायचा नाही, हे चालणार नाही. तिला मसुदा वाचायला द्या, तिच्या सूचना घ्या. मग उरलेल्या अटी पूर्ण करायची तिला संधी मिळते.

नियतकालिक निवडताना ‘पबमेडवर दिसतं’ एवढ्यावर जाऊ नका. पबमेडवर दिसणारं प्रत्येक नियतकालिक मेडलाइनच्या (पारखून घेतलेल्या नियतकालिकांच्या सूचीच्या) निवडीतून आलेलं नसतं. तिथे पीएमसीत, म्हणजे पूर्ण लेखांच्या मोफत संग्रहात, जमा झालेले लेखही दिसतात. आठवड्यात स्वीकृती आणि लगेच पैशांची मागणी आली, तर संपादक मंडळातल्या एखाद्या व्यक्तीला तिच्या संस्थेच्या पत्त्यावर थेट ईमेल करून विचारा.

आणि एखादा पेपर मागे घ्यावा लागला असेल, तर तो यादीतून पुसू नका. त्याच ओळीत ‘मागे घेतला’ लिहून सूचनेचा दुवा जोडा.