पेरणीच्या गडबडीत विंचू: इंगळी कोणती आणि लाल कोणता

एक-दोन वळीव झाले की बिळात पाणी शिरतं आणि विंचू वर यायला लागतात, नेमकी आपली पेरणीची गडबडही तेव्हाच. तालीचे ढासळलेले दगड लावायचे, गंजीच्या तळाचा कडबा काढायचा, गोवऱ्या आत घ्यायच्या, म्हणजे सगळे हात घालायचे उद्योग. हात घालायच्या आधी काठीने किंवा खुरप्याने हलवून बघा, एवढं जरी केलं तरी अर्धं काम झालं.

आता सगळे विंचू सारखे नसतात हे लक्षात घ्या. आपल्याकडं इंगळी म्हणतात तो मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण विष सौम्य. याला शास्त्रीय भाषेत आधी हेटरोमेट्रस म्हणायचे, 2020 मध्ये वर्गीकरण नव्याने झालं आणि आपल्याकडच्या बऱ्याच जाती डेक्कनोमेट्रस या वंशात गेल्या, नावातच दख्खन आहे बघा. दख्खनचं पठार आणि सह्याद्रीचा पट्टा हे त्याचं घर, जमिनीत बीळ करून राहतो, रातकिडे-झुरळं-भुंगेरे खातो. चावला तर ठणका लागतो, सूज येते, बहुतेक वेळा काही तासांत उतरतं.

खरी भीती लाल विंचवाची. हा लहान, तांबूस, दगडाखाली, भिंतीच्या फटीत, कौलांत लपतो, कोकणात तर याने कित्येक पोरं दगावलीत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून उपचार बसवले त्यामुळे आता जीव वाचतात, पण पेशंट वेळेत पोचला तर.

ओळखायची ढोबळ खूण: पुढचे चिमटे जाड नि शेपूट बारीक तर विष कमी, चिमटे बारीक नि शेपूट जाड तर सावध. पण अंधारात चावल्यावर चिमटे कोण बघत बसतंय! म्हणून विंचवाकडं नाही, माणसाकडं बघा. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, धाप लागणं यातलं काहीही दिसलं की 108 ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा, आणि लहान मूल असेल तर लक्षणांची वाट बघूच नका. जागा धुवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, बोटातली अंगठी काढा. चिरा देणं, करकचून बांधणं, मांत्रिकाकडं नेणं हे सगळं वेळ घालवणं आहे, आमच्या गल्लीत अजून उतारा टाकणारे आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय.

गमबूट घालताना आधी उलटा करून आपटा. खाट भिंतीपासून लांब ओढा. रात्री मोटर चालू करायला जाताना बॅटरी न्याच, आणि ती जांभळ्या प्रकाशाची यूव्ही बॅटरी मिळते ना, तिच्यात विंचू हिरवट चमकतो, गोठ्याच्या भिंतीवर एकदा मारून बघा, झोप उडेल.

बांधावर इंगळी दिसली तर चेचू नका, लांब काठीने बाजूला करा, किडेच खाते ती. घरात लाल निघाला तर मात्र माझा काही आग्रह नाही.