मजुरांना उक्तं काम देताय? या चुका टाळा

आपण डेअरीला दूध घालतो तेव्हा गोठ्यात किती तास राबलात असं कोणी विचारत नाही, गाईच्या दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ लागलं की पूर्ण दर, कमी लागलं की कपात. उसाची एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) पण कारखान्याच्या रिकव्हरीवर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर, २०२४-२५ ला १०.२५ टक्क्याला टनामागे ३४०० रुपये. आणि आपल्याच रानातल्या बायांना मात्र आपण घड्याळ बघून पैसे देतो, नऊला आल्या का, पाचच्या आधी निघाल्या का. मला हे पटत नाही, म्हणून मी शक्य तिथं काम उक्तंच देतो, म्हणजे पैसे तासांचे नाही, झालेल्या कामाचे. पण उक्तं नीट ठरवलं नाही तर रोजापेक्षा जास्त नुकसान होतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे भलतंच काहीतरी मोजायचं. कापूस वेचणी किलोवर दिली की सकाळी दव असतानाच वेचणी सुरू होते कारण ओला कापूस वजनात भरतो, सोबत पालापाचोळा पण येतो, मग सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी सेंटरवर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. यात बायांची चूक नाही, आपण वजनाचे पैसे देतो तर त्या वजनच आणणार ना. दव उडाल्यावर वेचणी सुरू करा, स्वच्छ कापसाला किलोमागे जास्त दर द्या आणि कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस) वेगळ्या गोणीत घ्या, तिचा दर वेगळा.

द्राक्षाच्या थिनिंगचं (घडातले जादा मणी कात्रीनं काढण्याचं) पण तेच. नुसतं एकरावर दिलं की हात पळतो, कात्रीचं टोक मण्याला लागतं, किंवा घडात मणी जास्त राहतात आणि मग साइझच होत नाही. पहिल्या दोन ओळी टोळीसोबत उभं राहून करून घ्या, घडात किती मणी ठेवायचे ते तिथंच दाखवा, आणि त्या दोन ओळींना किती वेळ लागला त्यावरून दर काढा, शेजाऱ्याचा दर ऐकून नको. त्याची बाग वेगळी, घडांची संख्या वेगळी.

आता जी चूक मी स्वतः केली. एका टोळीनं चांगलं काम करून दुपारी दोनलाच रान मोकळं केलं, मला वाटलं दर जास्तच लागला, पुढच्या प्लॉटला मी तो पाडला. त्यांनी काही वाद घातला नाही, फक्त त्या प्लॉटला काम संध्याकाळपर्यंत पुरवलं, आणि पुढच्या छाटणीला आल्याच नाहीत. काम लवकर उरकलं याचा फायदा त्यांचाच असायला हवा होता, मला तर जसं पाहिजे तसंच काम मिळालं होतं! ठरलेला दर सीझनभर हलवू नका.

पैसे एकगठ्ठा मुकादमाच्या (टोळी आणणाऱ्याच्या) हातात देऊ नका, ज्याचे त्याला द्या, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि बाईचा हिशोब कुठंच दिसत नाही, तसं आपल्याकडे नको. उक्त्यात दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली गेली तर फरक भरून द्यायचा, हे १९४८ च्या कायद्यापासून आहे. गारपीट झाली, बाजार पडला तर ते मजुरीतून कापू नका, त्यांच्या हातात ते नव्हतंच.

आणि फवारणी, रोगट काडी शोधून काढणं असली कामं रोजानंच द्या, तिथं घाई महागात पडते.